कोणते भोसले, जी?

अहो वहिनी, ऐकलंत का? काल तुम्ही नेमक्या नागपूरला मारबत पाहायला गेलात, आणि इकडे आपल्या गल्लीत काय रंगलं म्हणून सांगू! या ना जरा भिंतीजवळ. अजून जवळ. मोठ्यानं बोलायची सोय नाही, बंगल्यातल्या ताई गच्चीवर कपडे काढताहेत. पाऊस येतो म्हणून काढताहेत, पण कान इकडेच आहेत, सांगून ठेवते.

तर काल तान्हा पोळा. शिक्षिकाबाईंच्या अंगणात तोरण बांधलेलं, गल्लीतली सगळी पोट्टी आपापले लाकडी बैल घेऊन जमलेली. कोणाच्या बैलाला झूल, कोणाच्या शिंगांना बेगड, एका धाकट्या पोराच्या बैलाचं तर एक चाकच गायब, तरी ओढतोय आपला फरफटत. आम्ही बायका ओसरीवर. पोरांना बोजारा वाटायचा म्हणून मी चिल्लर मोजत बसलेली. आणि बंगल्यातल्या ताई उभ्या राहून म्हणाल्या, कशा म्हणाल्या माहितीये का, असा पदर सावरून, "तसा हा सण आमच्या घरचाच."

मी म्हटलं, अगं बाई! पोळा शेतकऱ्याचा, तान्हा पोळा पोरांचा, यांच्या घरचा केव्हापासून झाला?

तर त्यांचं म्हणणं असं की तान्हा पोळा सुरू केला नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांनी, आणि आम्हीही भोसले. झालं! आडनाव जुळलं की घराणं जुळलं. आता पहिली गोष्ट खोटी नाही हो. दुसऱ्या रघुजींनी १८०६ साली हा पोरांचा पोळा सुरू केला असं नागपुरात सगळेच सांगतात. मोठ्यांनी खऱ्या बैलांचा पोळा केला की दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी बैल फिरवायचा, म्हणजे बैलाची किंमत लहानपणीच कळते. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातून अजूनही दरवर्षी मोठा लाकडी बैल निघतो, राजघराण्यातलेच काढतात. आणि गंमत बघा, त्याच्या तीनच वर्षं आधी, १८०३ मध्ये, हेच रघुजी इंग्रजांकडून अडगावला हरले होते. देवगावच्या तहात कटक गेलं, वऱ्हाड गेलं. माणसाचं अर्धं राज्य जातं आणि तो पोरांच्या हातात खेळण्यातला बैल देतो... मला तर बाई तिथंच गलबलून आलं. पण ताईंना राज्य गेल्याचं काही नव्हतं. त्यांना फक्त "आमचे रघुजी" म्हणायचं होतं.

तर काय सांगत होते, हां! शिक्षिकाबाईंच्या सासूबाई आठवतात ना? बोळक्या, पण जीभ शाबूत. त्यांचं माहेर नागपूरच्या महालातलं. भोसल्यांच्या वाड्याच्या सावलीत वाढलेली बाई. आजींनी पान लावता लावता मान वर केली आणि विचारलं, "कोनते भोसले, जी?"

ताई म्हणाल्या, "म्हणजे? भोसले म्हणजे भोसले."

"असं कसं? नागपूरवाले हिंगणीकर भोसले. साताऱ्याचे निराळे. अन् तिकडं कोकणात सावंतवाडीचे, ते सावंतभोसले. तुमी मंग कोनाच्या?"

वहिनी, चेहरा पाहायला हवा होतात हो तुम्ही! आधी कपाळ तांबडं, मग कान. म्हणाल्या, "यांना विचारून सांगते." लग्नाला अठरा वर्षं झाली आणि सासरचं कूळ कोणतं ते "यांना विचारून सांगते"! मी बोजाऱ्याची चिल्लर पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली, हसू दाबायला दुसरं होतं काय.

पण आजींच्या तोंडून सावंतवाडी निघाली ना, तिथून खरी मजा सुरू झाली. माझी भाची आलीये ना पुण्याहून, ती काय ते गेम डिझाइन शिकते ती. हो, हो, त्याचाही कोर्स असतो म्हणे, आणि फीसुद्धा असते, चांगली दणदणीत. तर ती टुणकन उठून आत गेली आणि एक रंगीत लाकडी पेटी घेऊन आली. झाकणावर देव रंगवलेले. उघडली तर आत गोल गोल पानं, चकत्यांसारखी. लाल, पिवळी, हिरवी, काळी. मला वाटलं बिस्किटं! ती म्हणाली, "मावशी, या गंजिफा. सावंतवाडीच्या राजवाड्यातून आणल्यात. तिथल्या राजघराण्यानंच हा खेळ वाचवलाय."

आता मला सांगा, राजघराणं म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं काय येतं? तलवार, हत्ती, फार तर कोर्टकचेरी. पत्ते रंगवणारं राजघराणं कोणी ऐकलंय का?

भाची सांगायला लागली आणि ओसरी चिडीचूप. सावंतवाडीचे तिसरे खेमसावंत, १७५५ ते १८०३ गादीवर. त्यांच्याच काळात हा खेळ वाडीत रुजला असं तिकडं सांगतात. खेळ तसा इराणाकडून आलेला. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा धाडल्याचं त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे म्हणे. पण आपल्याकडं आला आणि मोगली रंग उतरवून दशावतारी झाला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह करत थेट कल्कीपर्यंत. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, झाली एकशे वीस.

पण मला खरं गोड लागलं ते लग्नाचं. हे खेमसावंत जावई कोणाचे माहितीये? शिंद्यांचे! जयाप्पा शिंद्यांची मुलगी त्यांना दिली १७६३ साली. म्हणजे महादजींची पुतणी. आणि शिंद्यांची सोयरीक झाल्याबरोबर दिल्लीच्या बादशहाकडून "राजेबहादूर" किताब आला. सासर बळकट असलं की किताब चालत येतो, हे तेव्हाही होतंच. पण तिकडं कोल्हापूरकरांचं जे काही डोकं फिरलं! कालपर्यंत शेजारचा, आणि आज राजेबहादूर? थेट वाडीवर चालून गेले हो. मी आजींना म्हटलं, बघा, शेजारणीला पैठणी आली की आपल्या पोटात दुखतं, तर त्यांच्याकडं तोफा होत्या.

बंगल्यातल्या ताई तोवर जरा सावरल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्यातही शिंद्यांकडं दिलेल्या मुली आहेत." आजींनी नुसतं पाहिलं. ताई पुन्हा गप्प.

थांबा, सोयरिकीचं अजून संपलं नाही. सावंतवाडीच्या याच घरात पुढं बापूसाहेब महाराज झाले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला जाऊन आलेले. त्यांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटल्याचं सावंतवाडीत पोरगंही सांगेल. त्यांच्या राणीसाहेब पार्वतीदेवी कोण? तर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात! सयाजीराव म्हणजे आपले शाळेच्या पुस्तकातले हो. मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर, गोपाळ त्याचं नाव, १८७५ मध्ये दत्तक गेला आणि महाराजा झाला. त्यांची नात वाडीला आली. बापूसाहेब १९३७ मध्ये गेले तेव्हा मुलगा शिवरामराजे जेमतेम दहा वर्षांचा, तर या बाईंनी राज्य सांभाळलं. आणि हेच शिवरामराजे, सयाजीरावांचे पणतू, राज्यं विलीन झाल्यावर काय करत बसले? तर पत्ते रंगवायला शिकत बसले!

आमच्या ओसरीवर एकदम कुजबुज. पोस्टातून रिटायर झालेले काका तिथंच खांबाला टेकून होते, ते म्हणाले, "राजानं पत्ते? बायकोनं बोलणं नाही खाल्लं का?"

भाची हसली. म्हणाली, "बायको सोबतच शिकली, काका." त्यांच्या राणीसाहेब, राजमाता सत्त्वशीलादेवी. झालं होतं असं की १९७० च्या सुमाराला वाडीत गंजिफा रंगवणारे हात संपत आले होते. घरोघर छापील पत्ते आले, पाच-तीन-दोन आलं, बदाम सात आलं, या गोल पानांना विचारतो कोण? पुंडलिक चितारी म्हणून एक म्हातारे कारागीर तेवढे उरले होते. या नवराबायकोनं त्यांना राजवाड्यात बोलावलं. नुसतं बोलावून शाल-नारळ देऊन पाठवलं नाही हो, फोटो काढला आणि संपलं असं नाही. त्यांच्याकडून शिकले, आणि मग राजवाड्यातच पोरांना शिकवायला काढलं. दरबार हॉलमध्ये! जिथं मुजरे व्हायचे तिथं आता कारागीर मांडी घालून ब्रश धरून बसतात. आता त्यांचे नातू लखमराजे आणि नातसून श्रद्धाराजे तेच पुढं चालवताहेत. जीआय टॅगही मिळालाय म्हणे, आपल्या नागपूरच्या संत्र्याला मिळालाय ना, तसा.

मी विचारलं, "अगं पण एवढी कडक कशी ही पानं?" तर जुनी पद्धत ऐका. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर खडूचा हात द्यायचा, दगडानं घोटघोट घोटायचं, मग रंग, मग लाख. चिंचोक्याची खळ म्हटल्यावर आजींचे डोळे असे चमकले! म्हणाल्या, "आमी मायेरी सुपाले लावत होतो." आणि ते गोल पान गालाला लावून बसल्या. भाची म्हणाली, आजी, महाग आहे. आजी म्हणाल्या, "मी का खाऊन राह्यली का?"

तर काय सांगत होते... हां, खेळायला बसलो! भाची, शिक्षिकाबाई आणि मी. तिघांचाच खेळ, एकेकाला चाळीस पानं. वहिनी, चाळीस गोल पानं हातात धरून बघा एकदा. पंखा होतच नाही, नुसता गठ्ठा. प्रत्येक अवताराचा राजा मोठा, मग प्रधान, इथवर ठीक. पुढं निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का खालचा, तर उरलेल्यांत एक्का मोठा आणि दश्शी तळाला! म्हणजे हातात पान तेच, पण कोणाच्या घरचं आहे त्यावर त्याची किंमत. शिक्षिकाबाई म्हणाल्या, अगदी सुनेसारखं. त्यांच्या सासूबाई तिथंच होत्या, ऐकलं त्यांनी. पान चघळायचं थांबलं एक क्षण... आणि पुन्हा सुरू झालं. मी देवाचे आभार मानले.

आणि भांडण कशावरून झालं सांगू? दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्याकडं, त्यानं सुरुवात करायची. रात्री खेळलं तर कृष्णाचा. आता आम्ही बसलो दिवेलागणीला! कन्हानच्या बाजूला आभाळ अजून तांबूस, एनटीपीसीच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लागलेले. शिक्षिकाबाईंकडं राम, त्या म्हणतात दिवस आहे. माझ्याकडं कृष्ण, मी म्हणते रात्र झाली. पोस्टाच्या काकांनी घड्याळ काढलं. शेवटी आजींनी निकाल दिला, "डास चावले का? चावले. मंग रात्र." कृष्ण पुढं. हरले मीच, ती गोष्ट वेगळी. कोणती पानं गेली ते सगळं ध्यानात ठेवावं लागतं, आणि मला तर गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही.

मग काय, खेळांवरच गाडी आली. पोस्टाच्या काकांना कुठं राहवतं! म्हणाले, "राजेलोकच खेळ काढतात. तो स्नूकर बघा, इंग्लंडच्या पंतप्रधानानं काढला, चेंबरलेननं, आपल्या जबलपूरला." काकांची जबलपूरला बदली होती ना एके काळी, तेव्हापासून जबलपूर आपलंच. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाचीनं हळूच विचारलं, "काका, कोणत्या साली?" "१८७५." "आणि पंतप्रधान चेंबरलेन जन्मले १८६९ मध्ये. म्हणजे सहा वर्षांच्या पोरानं जबलपूरला येऊन स्नूकर काढला?"

अहो काकांची मान जी खाली गेली! तो चेंबरलेन निराळा हो. नेव्हिल नाव दोघांचं, आडनाव दोघांचं, पण हा फौजेतला अधिकारी. जबलपूरच्या मेसमध्ये बिलियर्डच्या टेबलावर जास्तीचे रंगीत चेंडू मांडून यानं खेळ काढला. आणि त्यानं तो दावा पत्र लिहून जगाला सांगितला कधी? १९३८ मध्ये! जेव्हा दुसरा चेंबरलेन पंतप्रधान होता. म्हणजे गोंधळ उडायला निमित्त पुरेपूर. बंगल्यातल्या ताई मात्र एकदम खुलल्या. म्हणाल्या, "बघा, आडनाव सारखं असलं तरी घराणं वेगळं असू शकतं." कोण म्हणतंय बघा! आजींनी पुन्हा नुसतं पाहिलं, पण यावेळी कौतुकानं पाहिलं असं मला वाटलं. बाई शिकली म्हणायची.

पोरांनी तोवर "नवा व्यापार"चा पट काढला होता. आपणही खेळलोय की, नोटा मोजायला भांडायचो. तर भाची म्हणाली, या खेळाची आई कोण माहितीये? लिझी मॅगी नावाची अमेरिकन बाई. १९०४ मध्ये तिनं पेटंट घेतलं. आणि तिचे वडील जेम्स मॅगी, ते वर्तमानपत्रवाले. १८५८ मध्ये अब्राहम लिंकन आणि डग्लसचे ते गाजलेले वादविवाद झाले ना, तेव्हा लिंकनबरोबर गावोगाव फिरलेले. गुलामी संपली पाहिजे म्हणून लिहिणारा माणूस. लेक तशीच निघाली. तिनं खेळ काढला तो कशासाठी, तर एकाच्याच हातात सगळी जमीन गेली की बाकीच्यांचं भाडं भरता भरता कसं दिवाळं निघतं ते लोकांना दाखवायला. आणि झालं काय? तिसऱ्याच एका माणसानं, चार्ल्स डॅरो त्याचं नाव, १९३५ मध्ये तोच खेळ आपला म्हणून विकला. तो झाला लक्षाधीश. हिच्या पेटंटचे हिला मिळाले पाचशे डॉलर.

"फक्त पाचशे?" शिक्षिकाबाई एकदम उभ्याच राहिल्या. "बापानं लिंकनच्या मागं फिरायचं, लेकीनं डोकं चालवायचं, आणि मलई तिसऱ्यानं खायची?" काका म्हणाले, त्या काळात पाचशे डॉलर म्हणजे... आम्ही सगळ्या बायकांनी एकदम त्यांच्याकडं पाहिलं. वाक्य पुरं झालं नाही त्यांचं.

अजून ऐका, हे तर तुम्हाला फारच आवडेल. स्कायलॅब आठवतं ना? १९७९ चा जुलै! आपल्या डोक्यावर पडणार म्हणून गावोगाव लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, उद्या कोणी पाहिलाय म्हणून. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या गावात एकानं उधारी फेडायचं बंद केलं होतं, आणि पडलं शेवटी ऑस्ट्रेलियात! तर त्या स्कायलॅबमध्ये १९७३ मध्ये एकोणसाठ दिवस राहून आलेला एक अंतराळवीर होता, ओवेन गॅरियट. त्याचा मुलगा रिचर्ड, त्यानं "अल्टिमा" नावाचे कॉम्प्युटर गेम काढले, १९८१ पासून. गेममध्ये स्वतःच राजा झाला, "लॉर्ड ब्रिटिश" नावानं! बापासारखं आकाशात जायचं होतं, डोळे कमजोर म्हणून जमेना. मग गेमच्या पैशातून तिकीट काढलं आणि २००८ मध्ये अंतराळात जाऊन आला. भाची हे सांगताना अशी काही उजळली की बस. मला कळलं, पोरीची फी का एवढी. मी म्हटलं, "तू कुठं जाणार गेम काढून?" म्हणाली, "आधी नोकरी लागू दे, मावशी."

मग बंगल्यातल्या ताईंनीच विचारलं, जरा नरमून विचारलं, "आपल्या मराठीत कोणी मोठ्या माणसानं खेळ काढलेला नाही का गं?"

आणि आजी म्हणाल्या, "माउलींनं."

अहो खरंच! सापशिडी. जुनं नाव मोक्षपट. ज्ञानेश्वरांनी केला असं परंपरा मानते. म्हणजे कोणी छापील कागद दाखवणार नाही तुम्हाला, पण पिढ्यान् पिढ्या मानत आलेत. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. दया केली की वर, क्रोध आला की घसरा. कवड्या टाकत टाकत वैकुंठाला पोचायचं. पुढं साहेब तो आपल्याकडून घेऊन गेला, आणि आपण तो त्याच्याकडून परत घेतला तेव्हा त्यातले गुण-अवगुण गेले, नुसते साप राहिले.

भाची म्हणाली, "आणि आजी, त्यांचं पुढं घराणं?"

आजींनी पान थुंकलं, तोंड पुसलं. म्हणाल्या, "घरानं कुठलं? एकविसाव्या वर्षी समाधी. चारी भावंडं गेली. ना लेक ना सून. तरी अख्खा मुलूख माउली म्हनते का नाही?"

मला वाटतं त्या क्षणी बंगल्यातल्या ताईंना काहीतरी झालं. काही बोलल्या नाहीत. पोरांकडं पाहत बसल्या.

तर काय सांगत होते... अहो, शेवट तर राहिलाच! हे सगळं चाललंय तोवर फाटकाशी कोण उभं, तर सुतारबाबा. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे बैल त्यांनीच केलेले. उरलेले पैसे मागायला आले होते, पण आतली गर्दी पाहून बिचारे बाहेरच. काकांचं लक्ष गेलं, त्यांनी आत बोलावलं. बाबांनी आधी काय केलं असेल? पैसे नाही मागितले. त्या धाकट्याचा चाक गेलेला बैल उचलला, उलटा केला, कनवटीची पिशवी उघडून एक चाक काढलं आणि तिथंच खिळा ठोकून बसवलं. पोराच्या तोंडावर जे हसू आलं, वहिनी!

भाचीनं विचारलं, "बाबा, हे काम तुमच्याकडं कधीपासून?"

म्हणाले, "बापाजवळून शिकलो. त्यानं त्याच्या बापाजवळून. त्याच्या आधीचं मले नाही माहीत, पोरी. लिहून कोन ठेवते?"

राजवाड्यात बैल फिरवतात त्याचं साल सगळ्यांना तोंडपाठ, १८०६. आणि गल्लीतले बैल करणाऱ्याच्या खापरपणज्याचं नाव त्याला स्वतःलाही माहीत नाही. भाचीनं ती गंजिफांची पेटी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही. झाकणाचा सांधा बोटानं चाचपला, पेटी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हात चांगला हाय याचा." बस, एवढंच.

आणि मग, आता ऐका हं, बंगल्यातल्या ताई उठल्या, पर्समधून पैसे काढले, बाबांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझ्या लेकासाठी मोठा बैल करा. चांगला सागाचा. पायावर नावही कोरा."

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली. "नाव काय कोरू जी? भोसले?"

ओसरीवर सगळे श्वास धरून! आजींचा चुन्याचा हात तसाच हवेत. ताईंनी एकदा आजींकडं पाहिलं, एकदा सुतारबाबांकडं. मग म्हणाल्या, "नको. पोराचंच नाव कोरा. आणि खाली तुमचं."

बाबा गडबडले. म्हणाले, "माझं कशाले?" पण पेन्सिल मात्र परत कानावर ठेवली नाही, हातातच धरून होते...

अय्या, ताई खाली आल्या वाटतं! अहो ताई, या ना, या! काही नाही, वहिनींना म्हटलं पाऊस येणार बहुतेक. तुमचीच आठवण काढत होतो!